शपथ खरी होती, मग पुडी का घेतली?

ताई, तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. धाकटा भाऊ २७ वर्षांचा, बी.कॉम. झालेला, पाच-सहा वर्षांपासून ब्राउन शुगर (म्हणजे गर्द, हलक्या प्रतीचं हेरॉइन) ओढतो. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. दुसऱ्यांदा घरी आल्यावर आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि दोन आठवडे व्हायच्या आत पुडी आणली. त्याच रात्री ढसाढसा रडला. तुमचा प्रश्न असा की हे रडणं खरं की नाटक, आणि आपलं वाटोळं होतंय हे ज्याला आपल्यापेक्षा चांगलं समजतं तो असं का वागतो. शिवाय मामा म्हणतात, लग्न लावून द्या, सुधारेल. त्याचंही उत्तर शेवटी देतो.

मी बरीच वर्षं व्यसनमुक्ती समुपदेशक म्हणून काम करतोय, त्यातली बहुतेक गर्द ओढणाऱ्या मुलांसोबत. त्या अनुभवावरून सांगतो, शपथ खरी होती आणि रडणंही खरं होतं. तुमचा भाऊ तुम्हाला पैशांबद्दल, वेळेबद्दल खोटं बोलत असेल, नव्हे बोलतच असणार. पण शपथ घेताना तो खोटं बोलत नव्हता. शपथ घेणारं मन आणि पुडी आणायला निघालेलं मन वेगवेगळ्या अवस्थेत होतं, आणि पहिल्याचा शब्द दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. तुमचा खरा प्रश्न इथे आहे. इच्छाशक्ती किती, केमिकल किती, हा वाद घरोघरी चालतो, पण त्यातून पुढची पायरी सापडत नाही.

याचा एक प्रयोग झालेला आहे. हेरॉइनचं व्यसन असलेले आणि त्यावर ब्युप्रेनॉर्फिन या गोळीचे उपचार घेणारे काही रुग्ण होते. त्यांना विचारलं, अजून पाच दिवसांनी एक जादा डोस मिळणार असेल तर तुमच्या लेखी त्याची किंमत किती? कधी हे आजचा डोस घ्यायच्या आधी, तलफ आलेली असताना विचारलं. कधी डोस घेऊन झाल्यावर. तलफ असताना किंमत बरीच जास्त सांगितली गेली. माणसं त्याच जातकुळीची, डोस तोच, आणि पाच दिवसांनंतर तलफ कशी असेल त्याचा आजच्या तलफेशी काही संबंध नाही. तरी उत्तर बदललं. म्हणजे ज्यांनी हा अनुभव शेकडो वेळा घेतलाय, त्यांनाही शांत असताना तलफेची ताकद आठवत नाही. केंद्रातून निघताना आत्मविश्वासाने ‘आता संपलं’ म्हणणारा मुलगा फसवत नसतो. त्या क्षणी त्याला ते तसंच दिसत असतं.

आता केमिकलचा भाग पटकन सांगून टाकतो. शेवटच्या पुडीनंतर साधारण ८ ते १२ तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते: जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, हाडं मोडल्यासारखी दुखणं, जुलाब, रात्रभर पाय झाडणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, आठ-दहा दिवसांत शरीर बऱ्यापैकी निवळतं. औषधांनी हा काळ पुष्कळ सुसह्य होतो. घरच्यांची समजूत अशी होते की विष बाहेर पडलं, आता फक्त मनाने खंबीर राहायचं. प्रत्यक्षात झोप कित्येक आठवडे धड लागत नाही आणि कशातच मजा वाटत नाही. क्रिकेट, सिनेमा, आईच्या हातची पुरणपोळी, सगळं सपक. ‘नशेत होतो तेव्हा निदान काहीतरी वाटायचं’ हे वाक्य मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलंय की कोणी बोललं नाही तर मीच विचारतो.

इथून भावनेचा भाग सुरू होतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अफूच्या कुळातले पदार्थ, म्हणजे मॉर्फिन, हेरॉइन, ब्राउन शुगर, हे नुसतं अंगदुखीचं औषध नाहीत. याक पॅन्कसेप नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवलं की आईपासून दूर केलेली कुत्र्याची पिल्लं जी केविलवाणी ओरडतात, ती अगदी थोड्या मॉर्फिनने शांत होतात. तेवढ्या डोसाने त्यांना गुंगी येत नव्हती. दुराव्याचं दुःख तेवढं कमी व्हायचं. शरीर स्वतः तयार करतं ती एंडॉर्फिन नावाची रसायनंही अंगाच्या वेदनेसोबत मनाची ही वेदना सांभाळत असतात. म्हणून गर्द ओढणारी मुलं पहिल्या वेळचं वर्णन करताना ‘मजा आली’ असं क्वचितच म्हणतात. ‘पांघरूण घातल्यासारखं झालं’, ‘डोक्यातली कटकट थांबली’, ‘पहिल्यांदा कुणाची भीती वाटली नाही’, असं म्हणतात. ज्याच्या आत आधीपासून काही दुखत होतं त्याला हा पदार्थ औषधासारखा भेटतो. सगळ्यांचं असंच असतं असं मी म्हणणार नाही. मित्रांच्या नादाने, केवळ कुतूहलापोटी सुरू केलेलेही खूप आहेत. पण पाच-सहा वर्षं रोज ओढल्यावर दोघांचीही गत एकच होते. राग, लाज, एकटेपणा, कंटाळा, अगदी आनंदसुद्धा, कुठलीही भावना पुडीशिवाय हाताळायची सवयच राहत नाही. विशीत जे शिकायचं ते शिकायचं राहून जातं. म्हणून पुडी बंद होते तेव्हा त्याच्या हाती नुसत्या भावना उरतात, आणि त्यांचं काय करायचं ते त्याला येत नसतं.

वॉर्डात विचारा, ‘कसं वाटतंय?’ उत्तरं तीनच: ‘बोर होतंय’, ‘टेन्शन आहे’, ‘डोकं आउट झालंय’. अपमान, भीती, मत्सर, आईबद्दलची काळजी, सगळं या तीन खणांत कोंबलेलं. काय होतंय तेच ओळखता येत नसेल तर त्यावर उपाय शोधणार कसा? ‘टेन्शन’वर त्याला एकच उपाय माहीत आहे.

मग विचारांचं काय? आपण धरून चालतो की विचार हा न्यायाधीश आहे, भावना कितीही भडकल्या तरी तो दोन्ही बाजू ऐकून निकाल देईल. तलफेच्या वेळी तो वकील असतो. अशिलाने आधीच त्याला धरलेलं असतं आणि त्याचं काम फक्त युक्तिवाद शोधणं. म्हणूनच हुशार, शिकलेल्या मुलांना अक्कल उपयोगी पडत नाही. उलट त्यांचे युक्तिवाद जास्त चांगले असतात. ‘आजची शेवटची.’ ‘दोन रात्री झोप नाही, उद्या कामावर कसा जाऊ, फक्त आज.’ ‘मी इंजेक्शन थोडीच घेतो, पन्नीवर दोन कश.’ ‘आपल्याला कंट्रोल जमतो का ते तरी बघू.’ मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसनाच्या उपचारात या प्रकारच्या विचारांना, म्हणजे स्वतःलाच परवानगी देणाऱ्या विचारांना, फार महत्त्व दिलं. तलफ आणि पुडी यांच्यामध्ये जवळपास प्रत्येक वेळी असं एक वाक्य असतं. ते वाक्य ओळखीचं झालं की निम्मं काम होतं. (निम्मंच. उरलेलं निम्मं अवघड आहे.)

एकाचं उदाहरण देतो; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा कुरिअरच्या गोदामात कामाला, केंद्रातून बाहेर पडून महिना होत आलेला. शनिवारी पुडी घेतली. का? ‘माहीत नाही, डोकं आउट झालं.’ अशा वेळी आम्ही फळ्यावर पुडीपासून मागे मागे जातो. पुडी संध्याकाळी सातला. त्याआधी स्टेशनच्या पलीकडच्या टपरीवर चहा. रोजची टपरी का नाही? ‘बंद होती.’ बंद? ‘नाही... गर्दी होती.’ त्याआधी एटीएममधून पाचशे रुपये काढलेले, कशासाठी ते सांगता येईना. त्याआधी दुपारी सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, ‘माल कमी भरला तर पहिली ह्याची बॅग बघा.’ आणि त्याही आधी, सकाळी घरातून निघताना, वडिलांनी मोबाइलचा उजेड तोंडावर मारून त्याची बुबुळं पाहिली. गर्द घेतल्यावर बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी होतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. त्या सकाळी पोरगा पूर्ण क्लीन होता. तेव्हा काय वाटलं विचारलं तर म्हणाला, ‘काही नाही.’ बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘लाज वाटली.’ आणि मग ते वाक्य आलं: ‘मानतच नाहीत, तर क्लीन राहून काय उपयोग?’

नीट बघा. सात वाजता त्याने निर्णय घेतलाच नाही. टपरीवर पोचेपर्यंत पेडलर, म्हणजे पुडी विकणारा, समोर होता, खिशात पैसे होते, अंगात तलफ होती. तिथे कुणाचाच विवेक टिकत नाही. निर्णय दिवसभर थोडा थोडा होत गेला, आणि प्रत्येक तुकडा वरवर निरुपद्रवी होता. सकाळी लाज वाटली तेव्हा त्याच्याकडे अजून दहा तास होते.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी दारू, सिगारेट, हेरॉइन सोडलेल्यांचे पुन्हा घसरण्याचे प्रसंग तपासले, तेव्हा साधारण ३५ टक्के प्रसंग उदासी, राग, कंटाळा यांसारख्या नकोशा भावनांतून, १६ टक्के भांडणातून आणि २० टक्के इतरांच्या आग्रहातून आलेले दिसले. हे आकडे ज्याने-त्याने नंतर आठवून सांगितलेल्या कारणांचे आहेत, म्हणून मी ते ताणत नाही. पण आमच्या फळ्यावर जे दिसतं त्याच्याशी ते जुळतात. मार्लॅट यांनी दुसरी एक गोष्ट दाखवली जी तुमच्या घरी घडली आहे. सोडलेला माणूस एकदा घसरला की त्याला वाटतं, ‘झालं, शपथ मोडली, मी आहेच तसला, आता राहिलं काय?’ एका पुडीने शरीराचं नुकसान होतं तेवढं होतंच, पण त्या विचाराने पुढच्या पन्नास पुड्या येतात. शपथ जितकी मोठी, आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली, तितकी मोडल्यावरची लाज मोठी. आणि लाजेवर त्याच्याकडे औषध कुठलं? त्या रात्री तो रडला ते यामुळे. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली असेल तर तीही यामुळे.

महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचार अनेकांना ऐकून माहीत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ती पद्धत कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली. त्यातला एक मुद्दा व्यसनाला अगदी लागू पडतो: प्रसंगापेक्षा ‘हे मला सहनच होणार नाही’ ही धारणा माणसाला जास्त ढकलते. तलफ सहन होते. ती चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरायला लागते. पण वर्षानुवर्षं ती उतरेपर्यंत थांबलेलाच नसल्यामुळे, ती आपोआप उतरते हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. हे फळ्यावर सांगून उपयोग नाही. दहा-पंधरा वेळा प्रत्यक्ष थांबून बघावं लागतं, सुरुवातीला कुणीतरी सोबत असताना.

इथवरचं एका दमात: भावना आधी येते, तलफ तिच्या मागोमाग, विचार परवानगी काढून देतो, आणि घसरल्यावरची लाज पुन्हा पहिल्या जागी नेऊन उभं करते. तोडायचं ते शक्य तितकं आधी, लाजेपाशी किंवा रागापाशी. पुडी हातात आल्यावर फार उशीर झालेला असतो.

जागा-माणसं यांचाही भाग मोठा आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथे सुमारे २० टक्के सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते, पण व्यसन लागलेल्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात जेमतेम ५ टक्क्यांना पुन्हा ते जडलं. ते युद्ध मागे टाकून आले होते. तुमचा भाऊ केंद्रातून निघून त्याच गल्लीत, त्याच नाक्यावर, त्याच सिमकार्डावर परत आला. केंद्रात तो क्लीन राहिला यात त्याचं कौतुक आहेच, पण तिथे ना नाका होता ना सुपरवायझर.

काही गोष्टी तुमच्या पत्रावरून मला ठरवता येत नाहीत, आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. त्याला नैराश्य आहे का, व्यसनाच्या आधीपासून? लहानपणी काही घडलंय का? सोबत एमडी (मेफेड्रोन, हीही एक नशेची पावडर), झोपेच्या गोळ्या किंवा दारू चालते का? नैराश्य असेल आणि ते उपचारांविना राहिलं, तर नुसत्या समुपदेशनाने फार पुढे जाता येत नाही. म्हणून मनोविकारतज्ज्ञाची नीट तपासणी आधी. त्यांना ब्युप्रेनॉर्फिनबद्दल स्वतःहून विचारा. जिभेखाली ठेवायची ही गोळी टर्की आणि तलफ दोन्ही आवरते, आणि सरकारी ओएसटी केंद्रांतही (अफूजन्य व्यसनावर अशा औषधाने उपचार करणाऱ्या) मिळते. ‘एक नशा सोडून दुसरी’ असं शेजारी म्हणतील; म्हणू द्या. तलफेचा आवाज खाली आला की समुपदेशनातलं कानात शिरतं. दुसरा पर्याय नाल्ट्रेक्सोनचा, म्हणजे गर्दचा परिणामच होऊ न देणाऱ्या औषधाचा, पण तो शरीर आठवडा-दहा दिवस पूर्ण क्लीन असल्याशिवाय सुरू करत नाहीत, नाहीतर जबरदस्त टर्की येते. कुठलं, कधी, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. घरून उचलून नेणाऱ्या, मारझोड करणाऱ्या केंद्रांच्या वाटेला जाऊ नका. कुठे जायचं ते कळत नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा येत असेल तर टेलिमानस, १४४१६.

एक धोका मात्र आजच घरात सगळ्यांना सांगा. काही आठवडे क्लीन राहिलेल्या माणसाची पूर्वीची मात्रा शरीराला झेपत नाही. सोडण्यापूर्वी जेवढं ओढायचा तेवढंच पुन्हा घेतलं तर श्वास थांबू शकतो, आणि दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर जास्तच. जागा होत नाहीये, श्वास अगदी संथ किंवा घोरल्यासारखा, ओठ निळसर, असं दिसलं तर कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, आणि काय घेतलंय ते न लपवता सांगा. पोलिसांच्या भीतीने लोक इथे वेळ घालवतात.

घरी काय बदलायचं? शपथा बंद. त्याऐवजी तो शांत असताना, शक्यतो दुपारी जेवण झाल्यावर, त्याच्यासोबत बसून त्याच्याच अक्षरात लिहून घ्या: माझ्या घसरण्याच्या वेळा कुठल्या, माझी परवानगीची वाक्यं कुठली, आणि त्या वेळी मी कुणाला फोन करणार. नावं तीन तरी हवीत, कारण पहिला फोन नेमका उचलला जात नाही. यात एक एन.ए. (नार्कोटिक्स ॲनॉनिमस, व्यसन सोडणाऱ्यांचा स्वमदत गट) मीटिंगमधला जुना मित्र असेल तर फारच चांगलं. पगार काही महिने तुमच्या खात्यात जाऊ दे, पण त्याने स्वतः म्हटलं तरच. हिसकावून घेतलेला पगार हा भांडणाचा नवा विषय होतो. सिमकार्ड बदला. संध्याकाळचे पाच ते नऊ रिकामे ठेवू नका.

डोळे तपासणं, खिसे चाचपणं, बाथरूमबाहेर उभं राहणं थांबवा. खात्री हवीच असेल, आणि हवी असणं स्वाभाविक आहे, तर केंद्रामार्फत लघवीची तपासणी आधी ठरवून घ्या, म्हणजे रोजची उलटतपासणी टळेल. आणि पुन्हा घसरलाच तर त्या रात्री भाषण नको. ‘जेवून झोप, उद्या आपण डॉक्टरांकडे जातोय’ एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी मात्र खरंच जा. बहुतेक घरांत उलटं होतं: रात्री तीन तास रडारड आणि सकाळी सगळे गप्प, जणू काही झालंच नाही.

याचा अर्थ सगळं सोसायचं असा नाही. पैसे देणं, उधारी फेडणं, कामावर त्याच्या वतीने आजारी असल्याचा फोन करणं, हे थांबवलंत तर मला बरं वाटेल. प्रेमाने बोला आणि नोट देऊ नका, दोन्ही एकदम जमतं. आईला जमणार नसेल तर पैशाचा विषय तुम्ही तुमच्याकडे घ्या.

राहिलं लग्न. मामांचा हेतू चांगला असेल, पण तुम्ही वर वाचलंत की नकोशी भावना, भांडण, पैसा आणि लाज यांवर अशी मुलं घसरतात. लग्नात पहिल्या सहा महिन्यांत हे चारही भेटतात, आणि त्यात एका मुलीचं आयुष्य, तिच्यापासून हे लपवून, गुंतवायचं. तिच्या घरच्यांना सांगून करायचं म्हटलं तर मामा स्वतःच मागे हटतील, विचारून बघा. वर्षभर क्लीन, नोकरी टिकलेली, आणि समोरच्या मुलीला सगळं त्याच्याच तोंडून कळलेलं असेल, तर तेव्हा त्याने ठरवावं. सध्या स्थळं बघणं थांबवा. मामा रागावले तर एका समुपदेशकाने सांगितलंय म्हणून सांगा.